कवितेत हाक कुठे आहे?

अदिस अबाबा
तिकिम्त महिन्याचा दुसरा रविवार

प्रिय फ्रेहिवोत,

अकरावीत खिडकीजवळ बसणारी, उत्तरपत्रिकेच्या समासात फुल्यांची नक्षी काढणारी फ्रेहिवोत तूच असशील, तर हे पत्र योग्य हातात पडलं. पत्ता तुझ्या आईने दिला. मागच्या महिन्यात भाजीबाजारात भेटल्या. तू शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नव्या इमारतींत राहतेस, असं म्हणाल्या. आणखीही काही म्हणाल्या, पण ते शेवटी लिहीन. आधी माझी एक चूक. बारा वर्षांपूर्वी एका कवितेच्या रसग्रहणाला मी तुला वीसपैकी सहा गुण दिले होते.

कविता आठवते का? फळ्यावर मी ‘कवी अज्ञात’ असं लिहिलं होतं. शहरात भाड्याच्या खोलीत राहणारी एक बाई कॉफी भाजते, सहा कप मांडते. भिंतीपलीकडे माणसं हसतात, भांडतात, रेडिओ लावतात, पण कुणी येत नाही. तीन वेळा ओतलेली कॉफी ती एकटीच पिते. शेवटी ‘धूर दारापर्यंत गेला आणि परत आला, एकटाच.’ मी समजावून सांगितलं की गर्दी हीच भिंत आहे, रिकामे कप म्हणजे तुटलेली नाती, आणि धूर म्हणजे शहराला ऐकू न येणारा आक्रोश. सगळा वर्ग मान खाली घालून लिहून घेत होता. फक्त तू हात वर केलास.

“सर, आमच्याकडे कॉफी झाली की आई दारात उभी राहून अख्ख्या आळीला हाक मारते. या बाईने कुणाला बोलावलंय? कवितेत हाक कुठे आहे?”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, बाईचा घसा बसला असेल. सगळे हसले, मीही हसलो. परीक्षेत तू पुन्हा तेच लिहिलंस, नेटाने, दोन पानं. मी खाली लाल शाईने शेरा दिला: ‘हाक शोधू नकोस, पोकळी शोध.’ ते वाक्य मला इतकं आवडलं की त्या संध्याकाळी रोजनिशीतही उतरवलं, शेजारी तुझा प्रश्न, गंमत म्हणून. त्यानंतर वर्षभर तू हात वर केला नाहीस. ते माझ्या लक्षात आलं होतं. आलं नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल.

माझ्याकडची बातमी अशी की माझी बायको हिरुत तीन वर्षांपूर्वी गेली. आजार चार महिन्यांचा. पुढच्या वर्षी आमची जुनी वस्ती पाडली आणि सोडतीत मला इथे चौथ्या मजल्यावर घर मिळालं. जुन्या घरी कॉफी हिरुत करायची, बायका जमायच्या. मी पहिला कप घेऊन आत माझ्या गठ्ठ्यांकडे जायचो. तिसऱ्या ओतणीला आपण बेरेका म्हणतो, आशीर्वाद. त्याच्या आधी उठू नये हे मलाही ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत मी एकदाही तिसऱ्यापर्यंत बसलो नाही. हिरुत बायकांना सांगायची, “त्यांची बेरेका उत्तरपत्रिकांत असते.” त्या हसायच्या. ती हसायची का, हे आता आठवत नाही.

या इमारतीत चाळीस कुटुंबं आहेत. सकाळपासून मिरची कांडल्याचा आवाज, जिन्यात पाण्याचे पिंप ओढल्याची खरखर, सणाला पायऱ्यांवर मेंढ्या. दोन वर्षांत मला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. मी मनाशी म्हणायचो, कविता खरी झाली. आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर त्या एकटेपणाचा मला थोडा अभिमानच होता. शेवटी मी माझ्या गावाजवळ, बाहिर दारला बदली मागणारा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ लिहिलं. रोजनिशीत खरं कारण लिहिलं: ‘या शहरात गर्दी आहे, माणसं नाहीत.’ सोमवारी अर्ज द्यायचा होता.

त्याआधीच्या शनिवारी सकाळी, येत्या आठवड्यात तीच कविता शिकवायची म्हणून जुनी रोजनिशी काढली. तुझा प्रश्न समोर आला. टेबलावर एका बाजूला तो, एका बाजूला अर्ज. या वेळी हसू आलं नाही. मी उठलो, हिरुतची जेबेना, कॉफीची मातीची सुरई, काढली, तिचे सहा कप धुतले आणि सेहेचाळिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा कॉफी भाजली. दाणे कोळसा झाले. दार सताड उघडं ठेवून बसलो. पावलं यायची, दाराशी मंदावायची, पुढे जायची. जिन्यातून एक आवाज आला, मास्तरांनी नवी बायको आणली वाटतं. दुसरा म्हणाला, आणली असेल, पण तिला कॉफी येत नाही. पायऱ्या उतरत दोघी निघून गेल्या.

धूर गेला होता, दार उघडं होतं, कप मांडलेले होते. कवितेत होतं ते सगळं होतं, आणि कुणीही आलं नव्हतं. मग मी उठलो. समोरचं दार सहा पावलांवर आहे. तिथे मी हात उचलायच्या आधी बराच वेळ उभा होतो. दार वोर्कनेशबाईंनी उघडलं. साठीच्या, भरदार, हात तिखटाने लाल.

“कॉफी झालीय,” मी म्हणालो. गृहपाठ न केलेल्या मुलासारखा आवाज निघाला.

त्यांनी हवेत नाक वर केलं. “झालीय की जळलीय?” मग माझ्या खांद्यावरून व्हरांड्याच्या त्या टोकाला ओरडल्या, “चला गं, मास्तर बोलावतायत!”

सात जणी आल्या, कप कमी पडले. वोर्कनेशबाईंनी जेबेना माझ्या हातातून काढून घेतली, कारण मी ओततानासुद्धा चुकत होतो. दुसरी ओतणी चालू असताना, बाकीच्या बोलत होत्या तेव्हा, त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही राहायला आलात तेव्हा ओळीने तीन शनिवार मी तुमचं दार वाजवलं होतं. आत रेडिओ चालू होता. म्हटलं, शिकलेला माणूस, आमची कॉफी कडू लागत असेल.”

त्या गेल्यावर मी त्या महिन्याची रोजनिशी काढली. एका शनिवारी लिहिलेलं आहे: ‘दार वाजलं. उघडलं नाही. निबंध तपासायचे आहेत.’ दुसऱ्या दोन शनिवारी काहीच नाही. ऐकू आलं नसेल असं नाही. लिहून ठेवण्याइतकं ते मला महत्त्वाचं वाटलं नसेल.

त्या दिवशी मी बेरेकापर्यंत बसलो. तिसरी कॉफी अगदी पातळ असते, जवळजवळ गरम पाणीच. तरी कुणी उठत नाही. त्या वेळी कॉफीसाठी कुणी बसलेलंच नसतं. गरम जेबेनाखाली कुणीतरी टेबलावरचा कागद सारला होता. तो बदलीचा अर्ज निघाला. कारणाच्या रकान्यावर आता एक तपकिरी वर्तुळ आहे. मी नवा अर्ज आणला नाही.

आता राहिलेलं. कवी अज्ञात नव्हता. एकविसाव्या वर्षी खेड्यातून शिकायला आलो, मोठ्या बाजारामागे एका खोलीत राहिलो. माझ्याकडे सहा कप नव्हते, एक पत्र्याचा पेला होता. घरमालकिणीकडून कॉफीचा वास यायचा आणि मी दार लावून, कुणी बोलावतंय का म्हणून वाट बघत बसायचो. कुणी बोलावलं नाही, म्हणून शहराच्या नावाने कविता लिहिली. बाई घातली, कारण पुरुषाने कॉफी भाजलेली वाचून लोक हसले असते. तेव्हा तू कवितेतली नव्हे, माझी चूक दाखवली होतीस, आणि त्याबद्दल मी तुला सहा गुण दिले. ती दाखवल्याबद्दल तुझे आभार, बारा वर्षं उशिरा. तुझ्या आई म्हणाल्या की तुझं कुणाकडे जाणं-येणं नाही, सुटीच्या दिवशी दार लावून पडून असतेस, सर, तुम्ही दोन शब्द सांगा. उपदेश करायला मी कोण? पण नुसतं रसग्रहण लिहून पाठवलं, तर मी पुन्हा तीच कविता लिहिल्यासारखं होईल. म्हणून लिहितो: शनिवारी सकाळी माझ्याकडे कॉफी आहे. चौथा मजला, जिन्याच्या डावीकडे. जळका वास येईल तेच घर. कपांचा नवा संच आणलाय. ही हाक आहे, फ्रेहिवोत. आणि बेरेकाच्या आधी उठायचं नाही.

तुझाच,
शिफेराव सर