पंख्यापुढे उभे राहण्याआधी

हडपसर, पुणे
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय दादामियाँ यास,

तुझे घर स्वारगेटहून एका बसवर आहे, तरीही टपालाने लिहीत आहे. आपला फ्लाइंग क्लब सोडून तू परदेशी मोटारींच्या नव्या कारखान्यात गेलास, तेव्हापासून आपले बोलणे बंद आहे. तो विषय येथे काढत नाही.

आपले जुने दोन आसनांचे विमान विकावयाचे ठरले आहे. इंजिन चालू झाल्यास बेळगावचा एक क्लब ते उडवण्यासाठी नेईल. न झाल्यास येथील एक संगणक कंपनी आपल्या काचेच्या इमारतीत ते तारांनी टांगणार आहे. क्लबच्या चिटणीसांचा शुभंकर तेथेच नोकरीस आहे. तो म्हणाला, "काका, टांगलं तरी छानच दिसेल." मी म्हणालो, "भिंतीवर टांगलेले सगळेच छान दिसतात. वर हारही घालतात."

इंजिन मी पूर्ण उघडून पुन्हा बांधले. त्याला पाणी लागत नाही, वाराच थंड ठेवतो. पण वाऱ्याच्या त्या वाटाच कुंभारमाशीने मातीची घरे करून बुजवल्या होत्या. सिलिंडरांच्या पातळ कडांमधून ती माती बांबूच्या कामट्यांनी काढली. लोखंड लावले नाही. ती शिस्त तुझी. चारही सिलिंडरांत दाब उत्तम आहे.

येत्या रविवारी सकाळी सातला बेळगावची मंडळी येतील. या इंजिनाला स्टार्टर नाही, हे तुला सांगणे नको. नाकावरचा पंखा मी हाताने फिरवीन; आधी स्विच बंद ठेवून, पेट्रोल आत ओढले जाईपर्यंत, आणि मग स्विच चालू करून. त्या पहिल्या फेऱ्यांत आत बसणाऱ्याचा स्विच चुकून चालू राहिला, तर इंजिन अवचित पेटून पंख्यावरचा हात जातो. शुभंकर म्हणाला, "मी बसतो ना, एक स्विच तर आहे!" मुलगा गुणी आहे. मी नको म्हटले. बेळगावकरांनी त्यांचा मेकॅनिक देऊ केला, त्यालाही नको म्हटले. चिटणीस चिडले, "नागोराव, मग टांगायचंच का विमान?"

तू आत बसत असस तेव्हा "स्विच बंद" असे म्हणून दोन्ही हात बाहेर काढून मला दाखवीत असस. नियमच तसा होता. मी त्या हातांकडे एकदाही पाहिले नाही. तुझा आवाज आला की पंख्याला हात घालीत असे. दुसऱ्या कोणाच्या आवाजावर मला तसे करता येणार नाही. रविवारी ये. माझ्याशी बोलावयाचे नसेल, तर तेवढे दोनच शब्द बोल.

वाट पाहणारा तुझाच,
नागोराव