एका वायरीवर दोन डबे

सारंगखेडा, मंगळवार, संध्याकाळ

डबे मी बनवले. आतली तांब्याची तार मी गुंडाळली, वेढे मोजून. ट्रॉलीच्या दिव्याला वीज नेणाऱ्या वायरीतूनच चाकांच्या गरमीची खबर ट्रॅक्टरपर्यंत आणायची, नवी वायर ओढायची नाही, ही युक्तीही माझीच. कोणी शिकवलं नाही.

आणि आज कौतुक कोणाचं? माझ्या साडूचं, दिलीपचं!

उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या की दोन्ही डबे एकाच वायरीवर एकदम बोलतात आणि खबर बिघडते. म्हणून मी हजेरी लावली: ट्रॅक्टरमधला डबा एकेका चाकाला विचारणार, ज्याला विचारलं तेवढंच बोलणार. दिलीपने स्वतः बनवलेले डबे आधी वायर मोकळी आहे का ऐकतात, आणि तापलेल्या चाकाची खबर पुढे जाऊ देतात. आज चाचणीत मागचं चाक मुद्दाम तापवलं. दिलीपच्या डब्याचा लाल दिवा लगेच लागला. माझा डबा हजेरी घेत बसला.

ट्रॅक्टरवाला रमण म्हणाला, “नाना, तुन्हा डबा शाळाना मास्तर शे का? हजेरी घेता घेता चाक जळी जाई!” सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

तो लाल दिवा डोळ्यांसमोरून हलत नाही. इतकं साधं मला का सुचू नये?

निघताना दिलीप हळूच म्हणाला, “दादा, तुन्हा डबा पक्का शे, मन्हा पाणी लागनं की मरस. डबा तुन्हा, अक्कल मन्ही. डबावर दोन्हीसनं नाव टाकूत.”

अक्कल मन्ही म्हणे! डब्यांच्या विक्रीत अर्धा वाटा आणि आगाऊ ऐंशी हजार देत होता. मी नाही म्हणालो.