पांढऱ्या पाचची तार

४ जून

ती. मामास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

पोचल्याचं कळवायला चार दिवस लागले, रागावू नकोस. टीव्हीवरच्या या गाण्याच्या स्पर्धेच्या इमारतीत शिरतानाच आमचे फोन काढून घेतले. कार्यक्रम संपेपर्यंत पत्रांवर भागवायचं आहे. घरच्यांसाठी त्यांनी छापील पत्त्याची, तिकीट लावलेली पाकिटं दिलीत, त्यातली दहा सोबत पाठवते. फुकट म्हटल्यावर तू लिहिशील याची मला खात्री आहे.

आम्ही बाराजण आहोत. माझ्या खोलीत एक दातांची डॉक्टर आहे, आरशात बघून हसायची तालीम करते. कारण इथे केसांना दोन तास, चालायचं कसं याला एक तास आणि गाण्याला चाळीस मिनिटं. सगळ्यांत चांगला गळा एका बसचालकाचा होता. तो पहिल्याच फेरीत घरी गेला. परीक्षकबाई म्हणाल्या, आवाज उत्तम आहे पण बघायला काहीच नाही. तो बिचारा गाताना हलत नाही, बस चालवताना हलून कसं चालेल.

शिवाय एक कहाणीवाल्या बाई आहेत. त्यांनी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले, त्यात 'घरातले दुःख' यासाठी पाच ओळी सोडलेल्या. मी लिहिलं, मामा घोरतो. बाई हसल्या नाहीत. बाबांबद्दल विचारलं, पण ते गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते, मला त्यांचा चेहराही आठवत नाही असं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

आता खरं ते सांगते. तालमीत संगीतवाले तीनदा थांबले आणि म्हणाले की मी सुराच्या वर जातेय. मला तर त्यांचीच वाद्यं खाली वाटत होती. पण बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून तोंड उघडायची भीती वाटते. माझा कान खरंच चांगला आहे, की तू आपलं मामा म्हणून कौतुक करायचास? खरं लिही.

लोभ पाकिटात मावेल तेवढा पाठव.
तुझी टिटवी

११ जून

चि. टिटवीस,
मामाचे अ. उ. आ.

पाकिटं मिळाली. फुकट मिळालं तर तुझा मामा विषसुद्धा दोन वाट्या मागून घेईल, हे तू बरोबर ओळखलंस. आई ठीक आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी करून करून हात इतका बसलाय की परवा माझ्या शर्टाला खळ घातली, तर तो खुर्चीवर एकटाच बसून होता.

आता नीट वाच. मला हे तोंडाने सांगता आलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी मला आधी दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली. मग वरच्या पट्ट्या गेल्या. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली, ती जिन्यासारखी खाली उतरत होती. डावा कान गेल्यात जमा आहे, उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. तुला आठवत असेल, मी पियानोची तार पिळताना तुला स्वयंपाकघराच्या दारात उभं करायचो आणि हाताने खूण करायला सांगायचो. अंगठा वर म्हणजे चढव, खाली म्हणजे उतरव, पंजा आडवा म्हणजे सूर बसला. बोललीस तर तारेचा आवाज बिघडतो असं मी म्हणायचो. थाप होती ती. तू बोललेलं मला ऐकूच आलं नसतं.

मी तुझा कान तपासत नव्हतो, पोरी, तुझ्या कानावर पोट भरत होतो. शाळेचा, हॉटेलचा, नाचाच्या वर्गाचा, आपल्या घरातल्या कारखान्यातून गेलेला एकूण एक पियानो तीन वर्षं तू लावलायस. एकही परत आला नाही. तेव्हा तो संगीतवाला खाली असेल, तू वर नव्हतीस. हे लिहून घे आणि उशीखाली ठेव.

मात्र कुणाला बोलू नकोस, आईलाही नाही. बहिऱ्याकडून पियानो कोण लावून घेणार? तू येईपर्यंत मी कंबर धरलीय म्हणून कामं पुढे ढकलतोय.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू देऊ नकोस.
तुझा मामा

२३ जून

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्र का नाही? आईची दोन आली, तुझं एकही नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर टाळतोयस असं वाटून मी रोज पत्रं वाटणाऱ्या माणसाच्या मागे लागते, तर तो मान हलवतो.

शनिवारी मी संगीतवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे खाली गायले. ते खूश झाले आणि माझे केस पिवळे करा म्हणाले. मतांमध्ये मी शेवटून दुसरी आहे. गाताना आता मला माझा सूर सापडत नाही, अंधारात बटण चाचपावं तसं होतं. तू 'कान सुमार आहे' असं लिहिलंस तरी मी रडणार नाही, पण काहीतरी लिही.

कहाणीवाल्या बाई आज फार गोड बोलल्या. शनिवारी घरून माझ्यासाठी एक गंमत आहे म्हणे. तू येणार आहेस का?

वाट पाहणारी,
टिटवी

२ जुलै

चि. टिटवीस अ. आ.

शनिवारी मी आणि मामा टीव्हीसमोर बसलो होतो. त्या कोटवाल्या निवेदकाने खिशातून पाकीट काढलं आणि मामाचं पत्र सगळ्या जगासमोर वाचलं. मागे व्हायोलिन लावून. पोट भरत होतो म्हणाला तिथे तू तोंड झाकलंस आणि त्यांनी तुझी बोटं एवढी मोठी करून दाखवली. परीक्षक रडले. मामा मला विचारत होता की तो काय वाचतोय, टिटवी का रडतेय. मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं आणि सांगता सांगता मलाही तेव्हाच कळलं. एका छताखाली राहून तीन वर्षं माझा सख्खा भाऊ बहिरा होत गेला आणि मी म्हणायचे, हा मेला लक्ष देत नाही.

सोमवारी शाळेची चिठ्ठी आली, यापुढे दुसरी सोय केली आहे. मंगळवारी हॉटेलवाले त्यांचा पियानो अर्धवट उघडा होता तसाच टेम्पोत घालून घेऊन गेले. नाचाच्या बाईंनी फुलं पाठवली आणि सोबत माणूस, मागचं काम तपासून घ्यायला. येणारा प्रत्येकजण मामाच्या कानात बोंबलतो की तो थोर आहे. काम कुणी देत नाही. तो कारखान्यात बसून तारांमध्ये घालायच्या फेल्टच्या पाचरी लहानमोठ्या लावतो आणि परत विस्कटतो.

एकच विचारते. पत्र तू दिलंस का त्यांना? मतांसाठी दिलं असशील तर तसं सांग. मी आई आहे, गिळीन. पण खरं सांग.

आई

७ जुलै

ती. आईस आणि मामास सा. न. वि. वि.

तुम्हा दोघांची शपथ, मी ते पत्र तेव्हाच, तिथे उभी राहून, पहिल्यांदा ऐकलं. पाकीट माझ्या हातात आलंच नव्हतं. मी ओरडले तेव्हा त्यांनी करार काढून दाखवला. त्यांच्या पाकिटातून आलेलं प्रत्येक पत्र त्यांचं, असं बारीक अक्षरात लिहिलंय. मीच सही केलीय आणि पाकिटंही मीच पाठवली. मामा, तू मला माझा कान परत द्यायला लिहिलंस आणि त्यांनी तुझं दुकान घेतलं.

मी मतांमध्ये पहिली आहे. त्या दिवशी मी गायले ते इतकं वाईट होतं की बसचालक असता तर उठून गेला असता. कुणी ऐकलंच नाही.

आता त्यांना मामा हवाय. चोवीस तारखेला थेट प्रक्षेपण आहे. मामाने घरचा पियानो स्वतः लावून आणायचा, मंचावर पट्टी दाबायची आणि मी पत्रात आहे तशी खूण करायची. पंजा आडवा दाखवायचा, मग मिठी, मग गाणं. गाण्याचे सूर तर आधीच यंत्रावर भरलेले असतील, पियानोची तार वाजणारही नाही म्हणे. मामा, येऊ नकोस. उत्तर त्या पाकिटात पाठवू नकोस. खाली कपडे शिवणाऱ्या शिंपीणबाई आहेत, त्यांचा पत्ता मागे लिहिलाय, त्या पोचवतील.

लोभ ठेवा, असं म्हणायला आता तोंड नाही.
टिटवी

१४ जुलै

चि. टिटवीस अ. उ. आ.

हे पाकीट विकतचं आहे, त्यावरून मामाला किती अक्कल आली ते समजून घे. तुझी काही चूक नाही. आईलाही मी हेच लिहून दिलंय, कारण ती हल्ली माझ्याशी ओरडून भांडते आणि शेजारी जमतात.

मी येणार आहे. जायचं होतं ते गेलंय, आता घरी बसून पाचरी कुठवर मोजू. आपला जुना काळा पियानो लावायला घेतलाय, एकट्याने. लाकडाला दात टेकवले की तारेची थरथर डोक्यात येते, त्यावर अंदाज बांधतो. सहा दिवस झाले. मला वाटतं जमलंय, पण 'मला वाटतं' याला आमच्या धंद्यात काही किंमत नाही.

म्हणून तुझ्याकडे एकच मागणं आहे. पंधरा-वीस दिवस मला जो तो छान छान म्हणतोय. तोंडं बघूनच कळतं. कुणी मला सूर सांगत नाही. मी पट्टी दाबून तुझ्याकडे बघेन, तेव्हा तू स्वयंपाकघराच्या दारात आहेस असं समज. माझी दया आली म्हणून पंजा दाखवलास तर तू त्यांच्यातलीच झालीस. मग मला खरं सांगणारं कुणीच उरणार नाही.

तुझा मामा

२६ जुलै

चि. टिटवीस अ. आ.

शेजारपाजारचे वीसजण घरात जमले होते. मामाने पट्टी दाबली, तू बघत राहिलीस आणि मग अंगठा वर केलास. निवेदक हसला. मामाने पुन्हा दाबली, तू पुन्हा अंगठा वर. मामाने कोटाच्या खिशात हात घातला एवढं दिसलं आणि लगेच साबणाची जाहिरात लागली. मग गाद्यांची. मग परत साबणाची. पाच मिनिटांनी कार्यक्रम आला तेव्हा ना मामा, ना पियानो, तू ओळीत उभी आणि बाद झाल्याचं सांगत होते. शेजारच्या काकू उठताना म्हणाल्या की ज्याने वाढवलं त्याला चारचौघांत खाली पाहायला लावलं पोरीने. बाजारात आता सगळे तेच म्हणतात.

मामा काल घरी आला. मी विचारलं काय झालं, तर तो नुसता हसला. दोन घास जास्त जेवला आणि झोपला. त्या पाच मिनिटांत काय झालं ते मला कळव. मी कुणाला सांगणार नाही, सांगितलं तरी पटणार नाही कुणाला.

आई

१ ऑगस्ट

ती. आईस सा. न. वि. वि.

बाद झाले तरी शेवटच्या भागापर्यंत इथेच ठेवलंय, टाळ्या वाजवायला. पुढची दोन वर्षं कुठे गायचं नाही, तेही करारात आहे. हे पत्र शिंपीणबाई टाकतील.

मधल्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, उतरली होती. ट्रकमध्ये हादरे बसून उतरली की आधीच उतरलेली होती, माहीत नाही. बाकीच्याही दोनचार होत्या, पण ही फार. मामाने माझ्याकडे बघितलं. कार्यक्रमवाल्यांनी मला तीन दिवस पंजा आडवा करायला शिकवलं होतं. मी अंगठा वर केला.

त्याचा चेहरा कसा उजळला, आई. त्याने खिशातून तारा पिळायची किल्ली काढली, झाकण उघडलं, तारांत पाचर घातली आणि पिळायला लागला. निवेदक थांबा म्हणाला, दिग्दर्शक मागून ओरडत आला. मामाला काय ऐकू येणार? तो माझ्याकडे बघत होता आणि मी अंगठा दाखवत होते, वर, थोडं वर, खाली. लोक शिट्ट्या मारत होते. एका स्वराला तीन तारा असतात, त्याने एक बसवली, दुसरी बसवली. आवाज सांभाळणाऱ्या एका माणसाने कानावरचं यंत्र काढून ते ऐकलं. बाकी कुणी नाही. ती दोन मिनिटं मला माझा सूर लख्ख दिसत होता. तेव्हा गायला सांगितलं असतं तर मी गायले असते.

तिसऱ्या तारेला हात लावला तेवढ्यात दोघांनी त्याला दंडाला धरून उठवलं. त्यांनी ओढलं तेव्हा किल्ली तारेच्या खुंटीवरच होती, ती फिरली आणि तार सैल झाली. पियानो ढकलत आत नेला आणि मामाला बाहेरच्या पॅसेजमध्ये बसवलं. मी धावत गेले. त्याला धाप लागली होती. माझा हात धरून डोळ्यांनी विचारत होता की बसली का.

आई, पांढरी पाच तेव्हा आधीपेक्षाही वाईट वाजत होती. मी पंजा आडवा केला.

तो हसला तो त्याचसाठी. हे वाच आणि फाडून टाक, तो घरातला प्रत्येक कागद वाचतो. पियानो परत आला की माझ्याआधी कुणाला उघडू देऊ नकोस.

लोभ असू दे, निदान तुझा तरी.
टिटवी