बोराटी लावलेली घरं

४ जानेवारी

छप्पन्न घरं झाली. पाय गेले! मंगळवेढ्याच्या अलीकडचं गाव, चहूकडं ज्वारी, आणि मी अन् वर्गातली ऋतुजा दारोदार — पाणी कुठून आणता, किती हंडे, कोण आणतं. कोर्सच्या शिवयोगी सरांचं म्हणणं, सामाजिक न्याय एका विषयात मावत नाही. एकच गाव कायद्यातून बघा, अर्थशास्त्रातून बघा, भूगोलातून बघा. मला काय — दोन कोर्स अर्धे टाकलेत, हा सहाच महिन्यांचा आहे, निघेल.

माळावरची नऊ घरं माझ्याकडं होती. सगळ्या दारांना बोराटी, बोरीच्या काटेरी फांद्या लावलेल्या. हाक मारली, साधं कुत्रंसुद्धा नाही. 'रिकामी' लिहिलं नि खाली पळाले, कारण खाली गावातल्या फुलाबाईंच्या रानात हुरडा भाजत होता. ऋतुजानं विचारलं, "कुणाला विचारून लिहिलंस ना?" हो म्हणाले. विचारलं नव्हतं.

हुरडा मात्र — काय सांगू!

९ जानेवारी

यादी दिली. ग्रामसेवक खूश, लगेच पंचायतीच्या भिंतीवर लावली. नळयोजना यायची आहे, त्यांची यादी जुनी, म्हणून २६ च्या ग्रामसभेत आमचीच ठेवणार. घर यादीत असेल तर दारात नळ. ऋतुजानं नकाशा रंगवला. माळ कोराच.

१२ जानेवारी

वर्गात झोप लागली. कुणाला कळलं नाही.

१७ जानेवारी

लायब्ररीला निघाले आणि स्कूटी उजनीकडं वळली. असं होतं माझं. बॅकवॉटरला रोहित पक्षी आलेत म्हणे. आले असतील, लांब होते, धड दिसले नाहीत. परतताना केळीच्या बागेशेजारी मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली, दोन-अडीचशे तरी. पालापाशी एक म्हातारी भाकरी थापत होती. केराबाई. शेळीच्या दुधाचा चहा दिला. गाव विचारलं तर तेच! माळावरची.

मी म्हणाले, तिथं कुठं कोण राहतं, नुसत्या काट्या आहेत दारांना.

"मग? दारं उघडी टाकून यायचं व्हय? कुत्री शिरत्यात की!"

तिचा मुलगा धुळा हसायला लागला. "दसरा झाला की आमी हिकडं, पाऊस पडला की माघारी. आज्याच्या आदीपासनं."

"आमी गाव सोडलं न्हाय गं," केराबाई म्हणाली. "मेंढरं चाराया आलोय."

नळाचं सांगितलं. मग माझं 'रिकामी' सांगायचं होतं. आधी चहा संपवला. शेवटी सांगितलं. तिनं भाकरी उलटली.

"शिकलेली हाईस न्हवं?"

एवढंच. मग नऊही घरांची माणसं तिनं तोंडपाठ सांगितली, मी वहीत लिहिली. शेवटचं नाव आरोही. "म्हैन्याची हाय. हिकडंच झाली, उसाच्या कडंला. ती बी लिव."

१९ जानेवारी

वर्गात मांडलं. अर्थशास्त्राच्या मॅडम — हंगामी स्थलांतर. भूगोलाचे सर — मोजलं त्या दिवशी तिथं नव्हते. शिवयोगी सर कायदा शिकवतात, ते म्हणाले, रहिवासी कुणाला म्हणायचं ते आधी बघावं लागेल. तासभर चाललं. कुणी खोटं बोलत नव्हतं. पण नळ कुणाच्याच बोलण्यातून येईना! उठताना सर माझ्याकडं वळले, "ते बघू आपण. पण रिकामी हा शब्द ना कायद्याचा, ना भूगोलाचा. तो तुमचा."

पायऱ्यांवर ऋतुजा — "म्हणजे विचारलंच नव्हतंस." नाही. "खाली माझीपण सही आहे." गाडीला किक मारून गेली.

२० जानेवारी

ऋतुजा फोन उचलत नाही.

२६ जानेवारी

झेंडा झाला, मग सभा. ऋतुजा आली होती! मागं बसली, बोलली नाही. मी उभी राहिले, म्हणाले यादी चुकली आहे, माझ्यामुळं. पुढून एक जण — "मॅडम, तुमीच लिवताय, तुमीच खोडताय! उद्या आमचं बी खोडाल की!" हशा.

ग्रामसेवक म्हणाले, "माणसं हजर नाहीत, धरायची कशी?" मी म्हणाले दार लावून गेलेत, सोडून नाही. कुणी ऐकेना. तेवढ्यात बायकांतून फुलाबाई उठल्या.

"त्या पोरीला काय हसताय? ती परगावची. पेरणीच्या आदी केराबाईची मेंढरं आपल्याच रानात बसत्यात न्हवं? खत चालतंय, आन् नळ म्हटलं की माणसं ठावं न्हाईत?"

मला एकदम कळलं — यादी नऊ तारखेपासून पंचायतीच्या भिंतीवर होती. सगळ्यांनी वाचली होती.

ग्रामसेवकांनी वही मागितली. नऊ घरं, एकेचाळीस माणसं, आरोही धरून. लिहून घेतली. ऋतुजानं मागून विचारलं, "हुरडा आहे का अजून?"

धुळाला फोन केला. "बरं झालं," म्हणाला, आणि मेंढरांवर ओरडला.

२८ जानेवारी

घरी वैरागला फोन केला. आई म्हणाली, शाळेच्या बाई आल्या होत्या, घरातली माणसं लिहून घ्यायला.

"किती सांगितलीस?"

"दोन. मी आन् तुजे आप्पा."

"अन् मी?" मी विचारलं. आई म्हणाली, "तुला कुटं धरू, तूच सांग की."