मिनूचा पाच

३ ऑगस्ट ८८
नक्की झालं, मिनूला घरीच शिकवायचं. शाळेच्या फाटकाशी पोचली की ओकते. डॉक्टर म्हणाले, वर्षभर राहू दे घरी. ह्यांना म्हटलं, चिपळूणला सहा वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय, एक पोर जड नाही. पाठांचं टाचण काढलं. अक्षरगट, मणी, तक्ते, सगळं रीतसर.

११ ऑगस्ट
आठ दिवस 'ग म भ न'. पाटी पुढे केली की हिचं पोट दुखतं. शेजारी मंदाबाईंकडे मात्र दोन-दोन तास! त्या नवापूरच्या, नवरा कारखान्यात. शिक्षण चौथी, तीही गुजरातीत. पापड लाटतात, ही मोजते. घरी येते ती हाताला हिंगाचा वास घेऊन. मावशी अस्सं म्हणते, मावशी तस्सं म्हणते...

१९ ऑगस्ट
बेरजा घेतल्या. २ + ३. बाईसाहेबांचं उत्तर: 'प'. वर रेघसुद्धा नाही.
हे काय? "पाच." नीट बघ. "पाच!"
थट्टा करते वाटलं. हातावर फटका दिला. दार उघडंच. मं.बाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "पोरले काबर मारं, वहिनी? हाऊ ते गुजराती पाच शे!"
होताच. इथं गुजरातेत रोज बसच्या पाटीवर बघते मी. तरी.
मिनू त्यांच्या पदरात शिरली.

२० ऑगस्ट
म्हणजे पोरीला बेरीज येते. पोळपाटावर पीठ पसरून बोटानं शिकवलीय. मला आनंद व्हायला हवा होता. जळते मी, सरळ लिहूनच ठेवते. पोर माझी, डी.एड. मी, आणि पाच त्यांचा! हे म्हणतात, "मग तूही घे की पीठ." बोलायला काय जातंय. टाचणात पीठ कुठल्या रकान्यात लिहू?

२७ ऑगस्ट
पाटी वर ठेवून दिली. परातीत तांदळाचं पीठ घेतलं, मिनूसमोर त्यांचा पाच काढला.
हसली. "आई, वर रेघ नको ना! मग तो प होतो."
सवयीनं ओढली गेली होती.
तिनं तळव्यानं पुसलं. माझं बोट धरून गिरवून घेतला, दोनदा. चिकटून बसली होती. पोट दुखतं म्हणाली नाही. किती दिवसांनी...
मग म्हणाली, "आता मस्त झाला. मावशीला दाखवू या?" आणि परात उचलायला लागली.
एक काठ तिच्या हातात, दुसरा माझ्या. सोडवेना.