अण्णांचा डावा हात

कोल्हापूर, मंगळवार, १२ जून २००१

आमच्या ऑफिसातल्या अण्णांचा डावा हात काही डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या साहेबांसमोर त्यांनी सभेची नोटीस कॉम्प्युटरवर करून दाखवायची, नाहीतर टायपिस्टची खुर्ची सोडून कारखान्याच्या वजनकाट्यावर जायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला ही परीक्षा कशासाठी?

ऑफिस सुटल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. ओळ संपत आली की तो डावा हात वर उठतो, टाइपरायटरचा दांडा ढकलायला. दांडा सापडत नाही, मग एंटर दाबतात. प्रत्येक ओळीला. नंतर अक्षर मोठं केलं आणि सगळ्या ओळी मधेच तुटल्या.

"हे काय रं, दात पडल्यागत दिसाय लागलंय!"

"अण्णा, एंटर परिच्छेद संपल्यावरच. ओळ आपली आपण खाली जाते."

"आणि न्हाय गेली तर?"

शेवटी मी तो हात धरूनच ठेवला. अण्णा एका हातानं टाइप करत राहिले. ओळ खाली उतरली.

"गेली की रं!" लहान मुलासारखे हसले. पण मी हात सोडला, आणि पुढच्याच ओळीला पुन्हा एंटर.

येताना अंबाबाईसमोर उभा राहिलो. आज स्वतःसाठी काही मागावंसं वाटलं नाही.

निघताना अण्णा हळूच म्हणाले होते, "उद्या जरा शेजारी बसशील काय?"

एकट्यानं करायचं, असं साहेबांनी बजावलंय. तरी मी हो म्हटलं. काही सांगणार नाही, कशाला हात लावणार नाही, पण खुर्ची ओढून बसणार. साहेबांना काय बोलायचं ते बोलू देत.