माझ्या मापाचा गुलाबी टॉप

शमें ग्रेनिए,
१० डिसेंबर १९८३

तीर्थस्वरूप इंद्राणीवन्सं यांच्या पायांवर भावजय कुंतीचं डोकं.

इकडे सगळं बरं आहे. म्हणजे कोंबड्या बऱ्या आहेत, भेंडी बरी आहे आणि माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. तिकडे बेटाच्या उत्तरेला, त्रियोलेला, प्रेमचंदभावजींचा खोकला उतरला का? बसंतीच्या होणाऱ्या सासूबाई अजून दर रविवारी येऊन घराच्या भिंती बघतात, की आता मुलीकडेही बघू लागल्या? आणि तुम्ही पदराची पीन नवी घेतलीत का? वर्षश्राद्धाच्या दिवशी तुमचा पदर खांद्यावरून सारखा घसरत होता आणि तुम्ही दिवसभर त्या पिनेला शिव्या देत होता. पिनेची मला आता दया येते. का, ते पुढे सांगते.

तुम्ही विचारलंत, टॉप झाला का. झाला. नुसतं एवढंच लिहून भागलं असतं, पण तिकीट लावलंच आहे तर सविस्तर लिहिते.

कसं ठरलं होतं ते आधी मांडते, म्हणजे नंतर वाद नको. श्राद्धाच्या सकाळी तुम्ही आलात तेव्हा मी परसात ह्यांचा निळा सदरा घालून भेंडीला पाणी घालत होते. नेमका तेव्हाच पाववाला हरिप्रसाद सायकलवरून चालला होता. त्याने मला पाठमोरं पाहिलं, "जयराम भाय, की मान्येर? बरं ना?" अशी वर्षानुवर्षांची हाळी सवयीने घातली, मग त्याला आठवलं की आज जयराम भायचंच श्राद्ध आहे, आणि तो सायकलसकट आपल्या गटारात गेला. (पाव वाचले. सगळे आपणच घेतले, पंगतीला वाढले, कोणी नाव ठेवलं नाही.) तेव्हा तुम्ही म्हणालात, "कुंती, किती दिवस दुसऱ्याच्या मापात राहशील? स्वतःच्या मापाचं काहीतरी अंगाला लाव." आणि ठरलं असं, की दोरा तुम्ही पाठवायचा, मी माझ्या मापाचा उन्हाळ्याचा टॉप क्रोशाने विणायचा, नव्या वर्षाच्या पिकनिकला रियांबेलच्या समुद्रावर तो घालायचा, कारण बसंतीच्या सासरची माणसं येणार आणि त्यांना मामी मामाच्या सदऱ्यात दिसायला नको. त्याच दिवशी सदरा तुमच्या हातात द्यायचा आणि तुम्ही तो त्रियोलेतल्या एखाद्या गरजवंताला देणार. मी हो म्हटलं. तुमच्या हातात खिरीचा डाव होता आणि पंगत खोळंबली होती. अशा वेळी माणूस काहीही कबूल करतं.

दोरा पोचला. उत्तम सुती दोरा, रंग पिकल्या पेरूच्या गाभ्याचा. शेजारच्या पुष्पावतीने तो पाहून "आयो, विधवेला गुलाबी!" म्हणून कपाळाला हात लावला, आणि तोच हात खाली येता येता म्हणाली, "उरला तर मला दे हं."

नमुना मी तिच्याच घरच्या एका फ्रेंच मासिकातून घेतला. माझं फ्रेंच तुम्हांला माहीत आहे. गावच्या संध्याकाळच्या बैठकेत मराठी अक्षरं गिरवली तेवढीच माझी शाळा, बाकीचं वाचन दुकानातून येणाऱ्या पुड्यांच्या फ्रेंच कागदांवर झालं. त्यामुळे मला फ्रेंच बऱ्यापैकी कळतं, फक्त कुठल्याच गोष्टीचा शेवट माहीत नसतो. (ह्यांना याचं फार कौतुक. डाळ संपण्याच्या आधीच नवी डाळ आणायचे, कागदासाठी.) मासिकात लिहिलं होतं, आधी दोऱ्याचा एक छोटा चौकोन विणून बघा, तो धुवा आणि वाळवा. मी विणला, धुतला, वाळवला. छान झाला म्हणून चहाच्या किटलीखाली ठेवला. तो मोजायचा असतो आणि त्यावरून पुढचा हिशेब करायचा असतो, हे पुढच्या पानावर होतं. तोवर त्याच्यावर चहा सांडून त्याचा रंग आणि आकार दोन्ही बदलले होते.

मग माप. पुष्पावती टेप घेऊन आली. बाई मनाने चांगली आहे, पण तिला हळू आवाजात आकडा वाचता येत नाही. छातीचा आकडा तिने असा वाचला की पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी "किती?" म्हणून विचारलं, आणि तिने तो परत सांगितला. कमरेपर्यंत मी तिला पोचूच दिलं नाही, टेप ठेवून घेतली आणि तिला घरी पाठवलं. स्वतःचं माप स्वतः घ्यायला गेले तर टेप मागे सटकते. श्वास घेतला की एक आकडा, सोडला की दुसरा, आणि खाली वाकून बघितलं की तिसरीच बाई. दंडाचं माप घ्यायला दोन हात लागतात आणि त्यातलाच एक मोजायचा असतो. शेवटी मी विचार केला: मी रोज जे अंगात घालते त्याचंच माप घ्यावं. सदरा काढला, टेबलावर पसरला, काटेकोर मोजला. खांदे, छाती, दंड, सगळं. मी त्याच्या आत असते, तेव्हा त्याचं माप ते माझं माप. या विचारात चूक कुठे आहे ते मला तेव्हा दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पटकन दिसत नाही.

एवढं मात्र लक्षात आलं की सदऱ्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे. कापड अंगावर राहून राहून तसं बसलं असणार. मी मनात म्हटलं, मापाचं म्हणजे मापाचं, आणि डावीकडे तेवढ्या ओळी कमी घातल्या.

विणकाम चांगलं चाललं. साखळी आणि खांब, खांब आणि साखळी, हाताला एकदा कळलं की डोकं मोकळं राहतं. मोकळं राहू नये म्हणूनच मी विणत होते, पण ते असो. सुयाकला जाणाऱ्या बसमध्ये विणलं, नळावर रांगेत विणलं. पाठ मात्र सगळी मंडळाच्या सभेत झाली. आपले सेक्रेटरी चंद्रमोहन मराठी भाषा कशी टिकवावी यावर बोलत होते, निम्मं क्रेओल बोलीत. त्यांनी "आता शेवटचा मुद्दा" म्हटलं तेव्हा मी कंबरेशी होते आणि बसले तेव्हा मानेशी पोचले. दोऱ्याचा गुंडा मध्येच खुर्च्यांखालून गडगडत व्यासपीठाकडे गेला. तो त्यांनी स्वतः उचलून आणून दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या बायकांनी परंपरा टिकवली आहे ती अशी!" मांडीवर बिनबाह्यांचा गुलाबी टॉप आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

बाह्या लावल्या आणि टॉप अंगात घातला. गळा एका खांद्यावरून खाली गेला, दंडाच्या बाह्या कोपराशी आल्या आणि छातीत मी आणि पुष्पावती दोघी मावलो असतो. (आम्ही करून बघितलं. मावलो.) मासिक म्हणालं, धुतल्यावर नीट बसेल. धुतला. मासिक असंही म्हणत होतं की सपाट पसरून वाळवा. वन्सं, ज्यांच्या अंगणात कोंबड्या नसतात त्यांनी हा सल्ला लिहिला असावा. मी तो सगळ्या जगासारखा दोरीवर टाकला. ओला सुती दोरा जड असतो, त्यात त्या दिवशी समुद्राकडचा वारा. मी लांबीला जरा आखूड ठेवला होता, बाकीची लांबी वाऱ्याने घातली.

दुपारी हरिप्रसाद आला. फाटकाशी उतरला आणि दोरीकडे बघत उभा राहिला. पावाचं बोलेना. मी म्हटलं, "काय रे, पाव संपले?" त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "भौजी, जयराम भायचा नवा सदरा वाळत घातलाय?"

मी म्हटलं, "गुलाबी आहे तो. जाळीचा आहे. बायकांचा टॉप आहे."

"ते दिसतंय," तो म्हणाला. "पण खांदा त्यांचाच आहे. डावा जरा उतरता."

मग आम्ही दोघं बघत राहिलो. वाऱ्याने तो भरला होता. भरल्यावर तर शंकाच राहिली नाही. मी आत जाऊन चहा टाकला. हरिप्रसाद चहा प्यायला आणि त्याची पुढची गिऱ्हाइकं त्या दिवशी पावाशिवाय राहिली.

पुष्पावतीचं म्हणणं सोपं होतं. "उसव! क्रोशाचं काय, टोक ओढलं की सगळं उलगडतं, मग कर परत तुझ्या मापाचा." ते खरं आहे. मी टोक सोडवून हातात घेऊनही बसले. पण उसवलेला सुती दोरा केसाळ होतो, परत विणला तर तसा तुळतुळीत येत नाही, हे कोणीही सांगेल. म्हणून ओढलं नाही. टोक आत खोचून टाकलं.

तर वन्सं, आपल्यात ठरलं होतं ते असं: टॉप माझ्या मापाचा झाला की सदरा तुमच्या हाती. टॉप झाला, पण माझ्या मापाचा झाला नाही. म्हणून सदरा द्यायची वेळ आली आहे असं मला वाटत नाही. मी शब्द फिरवत नाही, फक्त तो जसा ठरला तसाच मोजते आहे. पिकनिकला मी माझा तपकिरी झगा घालीन. तो माझ्याच मापाचा आहे, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या नजरेत भरला नाही. बसंतीच्या सासरच्यांच्याही भरणार नाही.

भावजींना नमस्कार, बसंतीला आशीर्वाद. उत्तराची घाई नाही.

तुमची,
कुंती

ता. क. एक पुडकं बसच्या कंडक्टरकडे दिलं आहे. आत टॉप आहे. तो तुम्ही घाला. ह्यांचा खांदा मी इतकी वर्षं उसाच्या मोळ्यांनी उतरला असं समजत होते. पण तुम्ही तर लग्नापासून दुकानाच्या गल्ल्यावर बसलात, मोळी कधी उचलली नाहीत, आणि पदर तुमचाही डाव्याच खांद्यावरून घसरतो. पीन बिचारी निर्दोष आहे. तो खांदा तुमच्या वडिलांच्या घरचा आहे.

दुसरा ता. क. गरजवंत शमें ग्रेनिएतही आहेत. ते सोडून सदरा थेट त्रियोलेला न्यायची गरज काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. पण श्राद्धाच्या संध्याकाळी तुम्ही तो वाळत घातलेला सदरा दोरीवरून काढलात, घडी घातलीत, उलगडलीत, परत घातलीत, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. ते जसे माझे, तसे तुमचे धाकटे भाऊही होते. म्हणून त्यांचं माप तुम्हांला पाठवलं आहे, नवं, धुतलेलं, तुमच्याच दोऱ्याचं. सदरा मला राहू द्या. एवढंच मागायचं होतं, बाकी सगळं पत्र त्याच्या आधी आलं.

तिसरा ता. क. टॉपला गळ्याशी एक बटण लागत होतं, ते सदऱ्याचं वरचं काढून लावलं आहे. ते बटण हे कधीच लावत नसत, गळा आवळतो म्हणायचे. त्यामुळे सदऱ्याला त्याची उणीव भासणार नाही.

शेवटचा ता. क. हरिप्रसादही त्या दिवशी रियांबेलला पाव विकायला येणार आहे. समुद्रावर गुलाबी रंगात पाठमोरं कोणी दिसलं तर त्या इंद्राणीताई, हे मी त्याला नीट सांगून ठेवलं आहे. त्याला पटलं. तरी तो म्हणाला, सायकल हातात धरून चालतच येईन.